बुडापेस्टमध्ये एकच सकाळ हाताशी आहे: खाद्यसहल मोठ्या मंडईतली करावी की ज्यू वस्तीतली?

व्हिएन्ना-बुडापेस्ट-प्राग अशी सहल करणाऱ्या मराठी मंडळींच्या वाट्याला बुडापेस्टचे जेमतेम दोन दिवस येतात. एक संध्याकाळ डॅन्यूबवरच्या बोटीत जाते, अर्धा दिवस बुडाच्या टेकडीवर, आणि मग एखादी सकाळ मोकळी उरते. ती खाण्यासाठी राखून ठेवायचं ज्यांनी ठरवलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पर्याय दोन. पहिला, फ्योवाम चौकातल्या मोठ्या मंडईपासून सुरू होणारी सर्वसाधारण हंगेरियन खाद्यसहल. दुसरा, सातव्या प्रभागातल्या, म्हणजे एर्झेबेतवारोशमधल्या जुन्या ज्यू वस्तीतली. दोन्ही पायी चालायच्या, साधारण तीन-चार तासांच्या, पाच-सहा ठिकाणी थांबत चाखत जायच्या. मी दोन्ही केल्या आहेत, वेगवेगळ्या फेऱ्यांत. मत आधीच सांगून टाकते: मांसाहारी असाल आणि एकच जमणार असेल, तर ज्यू वस्ती निवडा. शाकाहारी असाल तर मंडई निवडा आणि ज्यू वस्तीतली एक मिठाई स्वतःच्या पायांनी जाऊन खाऊन या. याची कारणं चवीत आहेत, तशीच स्वयंपाकघराच्या नियमांतही आहेत.

मंडईपासून सुरुवात करू. तिथल्या लोकांच्या तोंडी ती नुसती 'नॉज्यचारनोक', मोठी मंडई. 1897 मध्ये उघडलेली, शमू पेत्स या वास्तुरचनाकाराची, रंगीत कौलांचं छप्पर आणि आत लोखंडी खांबांची तीन मजली उंची. मुंबईकराला क्रॉफर्ड मार्केट आठवेल, पण आतला वास वेगळा. धुरी दिलेल्या मांसाचा, आंबवलेल्या कोबीचा आणि सुक्या लाल मिरचीचा. तळमजल्यावर भाजी, मांस, सॉसेजच्या माळा आणि पाप्रिकाचे, म्हणजे लाल मिरचीच्या पुडीचे, डबे. तळघरात मासे आणि लोणची. लोणच्यांच्या बरण्यांत काकडी-मिरचीचे डोळे-नाक लावून हसरे चेहरे मांडलेले असतात, मुलं तिथून हलत नाहीत. वरच्या मजल्यावर लांगोश (तळलेली जाड पोळी) तळणाऱ्यांची गर्दी आणि भरतकामाची दुकानं. वरचा मजला महाग आहे आणि धक्काबुक्कीचा आहे. चांगला वाटाड्या तुम्हाला तिथे दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवत नाही.

या सहलीत पाप्रिका समजते, आणि ती समजली की निम्मं हंगेरियन जेवण समजलं. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली. हंगेरीत ती पोचली तुर्कांच्या काळात, बुडा जेव्हा 1541 ते 1686 उस्मानी अमलाखाली होतं तेव्हा. आपण तिखटपणा वाढवत नेला, त्यांनी रंग आणि गोडवा. सेगेद आणि कालोचा ही तिथली मिरचीची गावं, आपल्याकडच्या ब्याडगीसारखी नावाजलेली. 1937 चं नोबेल मिळवणाऱ्या आल्बेर्त सेंट-ज्योर्जी यांनी 'क' जीवनसत्त्वावर काम केलं ते याच सेगेदमध्ये, आणि ते भरपूर प्रमाणात काढायला त्यांना उपयोगी पडली ती तिथली पाप्रिका. दुकानात गोड ते तिखट अशा प्रती असतात. 'एदेशनेमेश' म्हणजे गोड, 'एर्योश' म्हणजे तिखट. आपल्या जिभेला ती तिखटसुद्धा सौम्यच वाटेल.

ती वापरायची रीत मात्र शिकून घेण्यासारखी. कांदा चरबीत मऊ होईपर्यंत परतायचा, भांडं आचेवरून उतरवायचं, मग पाप्रिका घालायची आणि लगेच पाणी. आपण फोडणीत तिखट टाकतो तसं गरम चरबीत टाकलं तर त्यातली साखर जळते आणि सगळं कडू होतं. याच पायावर तीन पदार्थ उभे आहेत आणि आपल्याकडचे लोक त्यांत हमखास गोंधळतात. गुयाश म्हणजे पातळ रस्सा, सूपच. बटाटे आणि मांस घातलेलं. आपण 'गुलाश' म्हणून जी दाट भाजी समजतो ती तिथली प्यॉर्कोल्त. आणि प्यॉर्कोल्तात आंबट साय, 'तेयफ्योल', मिसळली की झालं पाप्रिकाश.

ही चरबी कुठली, हा या सगळ्या तुलनेतला कळीचा प्रश्न आहे. मंडईतल्या सहलीत उत्तर एकच: डुकराची. गाळ्यांवर 'सालोन्ना' नावाचे पांढरेशुभ्र जाड थर टांगलेले असतात, कुठे पाप्रिका चोळलेले, कुठे लसूण. हंगेरियन शेतकऱ्याचं स्वयंपाकघर या चरबीवर शतकानुशतकं चाललं. मांगालित्सा या कुरळ्या केसांच्या डुकराची ख्याती तर त्याच्या चरबीसाठीच आहे.

आता त्याच शहरात, ट्रामने दोन-तीन थांब्यांवर, एक समाज राहत होता ज्याला हे डुक्कर निषिद्ध. शिवाय मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, म्हणजे मटण लोण्यात परतायचं नाही. ऑलिव्ह तेल तिथे पिकत नाही. मग कांदा परतायचा कशात? उत्तर होतं गूस. बदकापेक्षा थोराड, पाळीव कलहंस. त्याला खाऊ घालून पोसायचं, चरबी कढवून वर्षभरासाठी बरणीत भरायची, मांसाला धुरी द्यायची, कातडीचे कुरकुरीत तुकडे पावावर घ्यायचे, आणि काळीज, म्हणजे यकृत, सणासुदीला. आज हंगेरीची शान म्हणून जे गूसचं काळीज मिरवलं जातं, त्याच्या पाठीशी ज्यू घरांमधली ही गरज मोठी आहे.

इथे मला कोकण आठवल्याशिवाय राहत नाही. रायगड-अलिबागकडचे बेने इस्राएल, आपले मराठी बोलणारे ज्यू, हाच नियम पाळत आले: मांसाबरोबर दूध नाही. पण त्यांच्या हाताशी नारळ होता, म्हणून मटणाच्या रश्श्याला दाटपणा आला तो नारळाच्या दुधाचा. आणि तेलाची चणचण त्यांना पडली नाही, कारण त्यांचा पिढीजात धंदाच तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. नियम तोच, पण एका मातीत नारळ निघाला आणि दुसऱ्या मातीत कलहंस. ज्यू वस्तीतल्या पहिल्याच थांब्यावर हे माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं आणि पुढची प्रत्येक बशी वेगळी दिसायला लागली.

तर ही दुसरी सहल. सुरुवात बहुधा दोहान्य रस्त्यावरच्या सिनेगॉगपाशी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळापाशी, होते. 1854 ते 1859 मध्ये बांधलेलं, सुमारे 3000 जणांची बसायची सोय असलेलं, युरोपातलं सर्वांत मोठं. 1867 मध्ये हंगेरीतल्या ज्यूंना समान नागरी हक्क मिळाले आणि पुढच्या चाळीसेक वर्षांत या शहराचा जवळजवळ चौथा हिस्सा ज्यू झाला. म्हणजे आपण पाहतो आहोत ते कोपऱ्यातल्या एखाद्या छोट्या जमातीचं खाणं नव्हे. डॉक्टर, छापखानेवाले, गिरणीमालक, शिंपी, कॉफीहाउसात बसणारे लेखक, या सगळ्यांच्या घरचं हे जेवण होतं आणि ते शहराच्या जेवणात विरघळून गेलं.

किती विरघळलं, ते दोन उदाहरणांवरून कळतं. मंडईच्या सहलीत तुम्हाला सेगेदच्या पिक सलामीचे काप हमखास देतात. डुकराच्या मांसाची ती प्रसिद्ध सलामी, आणि 1869 मध्ये तो धंदा उभारणारे मार्क पिक ज्यू कुटुंबातले. शेवटी जे काळं कडू औषधी मद्य पाजतात, ते उनिकुम, ते त्स्वाक घराण्याचं. त्यांची मुळंही ज्यू. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाना सरकारने घेतला, घराणं परागंदा झालं आणि राजवट बदलल्यावर परत आलं. मंडईतला वाटाड्या या गोष्टी सांगेलच असं नाही. ज्यू वस्तीतला सांगतो, आणि म्हणूनच मी ती सहल वरची मानते.

बशीत काय येतं, ते आता बघू. आधी 'झिदोतोयाश', शब्दशः ज्यू अंडं: उकडलेलं अंडं, कच्चा कांदा, गूसची चरबी, एकत्र ठेचून पावावर. हंगेरीत ते सर्रास सगळे खातात. मग 'मात्सेसगोम्बोत्स', कोंबडीच्या नितळ सूपात वल्हांडण सणाच्या बिनखमिराच्या रोटीच्या चुऱ्याचे गोळे. आपल्याकडे आजारी माणसाला पेज देतात त्या मायेने तिथे हे सूप देतात.

आणि मग शोलेत. याच्यासाठी मी पुन्हा जाईन. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, चूल पेटवायची नाही. म्हणून शुक्रवारी दुपारीच घेवड्याचे दाणे, जव, कांदा, पाप्रिका आणि गूसची धुरावलेली तंगडी हंडीत भरायची, वरून सालीसकट अंडी ठेवायची, झाकण लावायचं आणि हंडी बेकरीवाल्याच्या भट्टीत नेऊन द्यायची. शनिवारी दुपारी सिनेगॉगातून परतताना ती गरमच घरी यायची. रात्रभराच्या मंद आचेने दाणे लोण्यासारखे होतात, अंड्याचा पांढरा भाग तपकिरी होतो आणि सगळ्याला धुराची चव लागते. कुणाला वाल-पावट्याच्या बिरड्याची आठवण येईल, कुणाला मंद शिजलेल्या खिचड्याची. आज हंगेरीत शोलेत डबाबंदही मिळतं, आणि ख्रिस्ती घरांत त्यात धुरावलेलं डुक्करही पडतं. एखादा पदार्थ दुसऱ्या समाजाने किती आपलासा केला, याची यापेक्षा मोठी खूण मला माहीत नाही.

कोंबडीचं पाप्रिकाश दोन्ही सहलींत येतं, आणि शक्य असेल तर दोन्हीकडे खाऊन बघा. मंडईच्या बाजूला ते आंबट सायीने गुलाबी झालेलं. कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या, स्वयंपाकघरात सायीविना, गडद लाल, कांद्यानेच दाट केलेलं. आपल्या जिभेला दुसरं जवळचं वाटतं; ते बरंचसं आपल्या रश्श्याच्या कुळातलं आहे.

गोडाच्या बाबतीत दोघांची टक्कर बरोबरीची आहे. मंडईची सहल बहुधा एखाद्या जुन्या कॉफीहाउसात संपते आणि तिथे दोबोश केक मिळतो. योझेफ दोबोश यांनी तो 1885 च्या बुडापेस्टच्या प्रदर्शनात मांडला: पातळ थर, मध्ये चॉकलेट आणि लोण्याचं सारण, वर कॅरमेलचा कडक पत्रा. ज्यू वस्तीतली मिठाई म्हणजे फ्लोदनी. पिठाच्या पातळ पोळ्यांमध्ये एकावर एक थर: खसखस, अक्रोड, सफरचंद आणि आलुबुखारचा घट्ट जॅम. खसखस आपल्यासारखी पांढरी नसून निळसर काळी आणि दळलेली असते. लोणी-सायीवर उभ्या असलेल्या केकांच्या देशात सुकामेवा आणि फळांवर भर देणारी ही मिठाई का रुजली, त्याचं कारण पुन्हा तोच नियम: मांसाच्या जेवणानंतर दुधाचं काही चालत नाही. अनारशाच्या खसखशीत वाढलेल्या मला फ्लोदनीचा पहिला घास परका वाटलाच नाही. दोब रस्त्यावर 1953 पासून चालू असलेलं फ्र्योलिख नावाचं छोटं कोशर मिठाईचं दुकान त्यासाठी प्रसिद्ध आहे. सहल न घेताही तिथे जाता येतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्यू वस्तीत चालताना नुसतं खाऊन पुढे जाता येत नाही, आणि जाऊही नये. 15 मे ते 9 जुलै 1944 या आठ आठवड्यांत हंगेरीतून सुमारे 4,37,000 ज्यूंना, बहुतेकांना आउश्वित्झच्या नाझी मृत्युछावणीत, रवाना केलं गेलं. ते मुख्यतः खेड्यापाड्यांतले आणि लहान गावांतले होते. बुडापेस्टच्या ज्यूंची पाळी यायच्या आधी गाड्या थांबल्या, पण हिवाळ्यात याच गल्ल्यांना भिंत घालून सुमारे 70,000 माणसं कोंडली गेली. जानेवारी 1945 मध्ये सुटका झाली तोवर भूक आणि थंडीने मेलेल्यांपैकी 2,000 हून अधिक जण दोहान्य सिनेगॉगच्या आवारातच पुरले होते. तिथे धातूचा एक विलो वृक्ष उभा आहे, पानापानांवर नावं कोरलेला. म्हणून शोलेतची हंडी भट्टीत पोचवणारी गावं आज नकाशावर आहेत, पण ती हंडी उचलणारी घरं नाहीत. जी पाककला उरली ती मुख्यतः बुडापेस्टने सांभाळली.

यावरून निवडीचा एक निकष निघतो. या गल्ल्यांत आता भग्न वाड्यांमधले बार आहेत, सिम्प्ला केर्त त्यातलं सर्वांत नावाजलेलं, आणि रात्री तिथे कल्लोळ असतो. काही संध्याकाळच्या सहली 'ज्यू वस्ती' नाव लावून प्रत्यक्षात चार बार फिरवतात. मी अशी एक घेतली आणि खरंच हिरमुसले. शोलेतचं नाव निघालं नाही, इतिहास दोन वाक्यांत उरकला. तेव्हा सकाळची सहल घ्या, आणि नोंदवण्याआधी पत्रकात शोलेत, फ्लोदनी आणि किमान एका सिनेगॉगचं नाव आहे ना ते पाहा. हुमुस-फलाफेलवर भर असेल तर ते इस्राएलचं खाणं आहे. चविष्ट असेल, पण हंगेरियन ज्यू घरातलं नव्हे. आणि 'ज्यू पद्धतीचं' म्हणजे 'कोशर' असं नसतं. डुक्कर अजिबात चालत नसेल, तर 'कोशर' पाटी आणि प्रमाणपत्र असलेलीच जागा धरा. आपल्यातल्या मुस्लिम वाचकांनाही हे उपयोगी पडेल.

शाकाहाऱ्यांचं काय, हा घरोघरचा प्रश्न. ज्यू वस्तीच्या सहलीत त्यांची उपासमार होते. अंड्यात गूसची चरबी, सूप कोंबडीचं, शोलेतमध्ये तंगडी. हातात राहतात पाव, लोणचं आणि फ्लोदनी, आणि तिच्याही पिठात चरबी नाही ना, अंडं आहे का, ते विचारावं लागतं. मंडईत बरं जमतं: लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज घातलेला लांगोश (आपला भटुराच, फक्त जाडजूड), खसखस किंवा गोड चक्क्याच्या सारणाचा रेतेश (पातळ पापुद्र्यांची गुंडाळी), टोमॅटो आणि ढोबळी मिरचीचा लेचो, आंबट चेरीचं थंडगार सूप, चॉकलेटमध्ये बुडवलेली पनीरसारखी तुरो रुदी. तरीही लेचोत सॉसेज आणि फोझेलेकवर, म्हणजे दाट शिजवलेल्या भाजीवर, मांसाचा तुकडा येऊ शकतो. 'हुश नेल्क्युल', म्हणजे मांसाविना, हे दोन शब्द पाठ करा आणि फोडणीची चरबी कुठली हे वाटाड्याकरवी विचारून घ्या. गोमांस टाळणाऱ्यांनी 'मॉर्हॉ' शब्द लक्षात ठेवावा, कारण गुयाश मुळात त्याचाच असतो. 'शेर्तेश' म्हणजे डुक्कर, 'चिर्के' कोंबडी, 'लिबा' गूस. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना दोन्ही सहली जड जातील. त्यांनी पैसे वाचवून फक्त मिठाईची दुकानं फिरावीत.

लहान मुलं बरोबर असतील तर मंडईच. छप्पर आहे, बघायला खूप आहे, थांबे जवळजवळ आहेत. सत्तरीच्या पुढचे आई-वडील असतील तर मात्र उलट विचार करा: मंडईत बसायला जागा मिळत नाही, ज्यू वस्तीत प्रत्येक थांब्याला टेबल-खुर्ची असते आणि वेग संथ असतो.

वार पाहिल्याशिवाय काही ठरवू नका. मोठी मंडई रविवारी बंद असते आणि शनिवारी दुपारपर्यंतच चालते. ज्यू वस्तीत शुक्रवारी दुपारनंतर आवराआवर सुरू होते. शनिवारी सिनेगॉग पाहता येत नाहीत आणि कोशर दुकानंही बंद. म्हणजे शनिवारची सकाळ असेल तर मंडई, रविवारची असेल तर ज्यू वस्ती, निर्णय वारानेच घेतला. सोमवार ते गुरुवार दोन्ही खुल्या. दोन सकाळी मिळाल्या तर आधी मंडई करा आणि दुसऱ्या दिवशी ज्यू वस्ती. टांगलेला सालोन्ना पाहिल्यानंतरच गूसच्या चरबीची बरणी काय सांगते ते नीट कळतं. एकाच दिवशी दोन्ही करू नका. दुसरीच्या शोलेतला पोटात जागा उरत नाही, आणि त्याच्यावर अन्याय होतो.

सहलीचे पैसे द्यायचे नसतील तर स्वतःही फिरता येतं. सकाळी मंडईच्या तळघरापासून सुरू करा, फ्योवाम चौकातून 47 किंवा 49 क्रमांकाची ट्राम पकडून आस्तोरियाला उतरा, दोहान्य सिनेगॉग पाहा, मग दोब रस्त्याने फ्लोदनी खाऊन काझिन्त्सी रस्त्यावरच्या 1913 च्या ऑर्थोडॉक्स सिनेगॉगपाशी या. व्यवहार फोरिंटमध्ये, युरो घेतात तिथेही दर तुमच्या तोट्याचा असतो. या मार्गात एकच उणीव राहते. शोलेत एकट्याने मागवलं तर भली मोठी थाळी येते आणि तिची गोष्ट सांगणारं कुणी नसतं. मला ती गोष्ट ऐकायची होती, म्हणून मी पैसे दिले.

परतताना पाप्रिका घेणार असाल तर उघडी न घेता डबाबंद घ्या, घरी आल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि वर्षभरात संपवा. रंग उतरला की चवही जाते. फ्लोदनी मात्र शेवटच्या दिवशी घ्या. नीट गुंडाळली तर विमानप्रवास सोसते, आणि दुसऱ्या दिवशी सफरचंदाचा रस खसखशीत उतरून ती अधिकच चांगली लागते.